चौथा गडी

आग्नेल बिलायतेला गेला, बायकोमागून,
आणि डिचोलीतली आमची लीग तिघांवर आली.

तीन नाणी, फॉर्मायकाचं मेज,
सांतानच्या दुकानामागची खोली, सोड्याच्या रिकाम्या क्रेटांचा वास.
एका नाण्याने उरलेल्या दोघांमधून वाट काढायची,
समोरचा करंगळी आणि तर्जनी कडेला टेकवून गोल उभा करतो.
नियम एवढेच. भांडणं त्याहून जास्त.
अशा अठरा चवथी झाल्या.

तिघांत जोड्या पडत नाहीत. एकाला पंच व्हावं लागतं,
आणि पंचाला आमच्यात कोणी चहा देत नाही.
म्हणून मला म्हणाले, खाणीचा काटा बंद पडल्यापासून
तू रिकामाच आहेस. इतकी वर्षं ट्रक मोजलेस,
आता जा, बोटं बघून ये.

पंधरा दिवस मी कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.
विजेच्या बिलामागे टिपत गेलो:

वासू माजीक, कदंबाचा कंडक्टर. अंगठा चांगला.
पिशवीत न बघता दोनचं नाणं ओळखतो.
पण पिशवी खणखणत असताना सुटे नाहीत म्हणतो.
असा माणूस पास देणार नाही.

रुझार पोदेराचा धाकटा. सायकलवरून न उतरता नाणं झेलतो.
झेलणं आमच्या खेळात नाही.

भटजींचा भाचा. तबकातली नाणी एका बोटाने रांगेला लावतो,
सुरेख, पण प्रत्येक नाण्याआधी वर बघतो.
आमची खोली साडेसातला बंद होते.

पेट्रोल पंपावरचा पोरगा. बोटं लांब, सडसडीत,
थेट आग्नेलची. माझा श्वास अडकला.
मी दहाचं नाणं पुढे केलं.
त्याने ते उलटंपालटं करून बघितलं,
बाजारात अनोळखी फळ बघतात तसं.
म्हणाला, काका, स्कॅन करा ना.

त्या दिवशी काही टिपलं नाही.

मग मासळी बाजारात जानकी पागी.
बांगड्यांचा वाटा घेतला, पाच रुपये परत यायचे होते.
तिने हात पुसला नाही.
जाड नाणं ओल्या ओट्यावर ठेवलं, मधल्या बोटाने टिचकावलं,
ते दोन शेपट्यांमधून आलं, कोयत्याला न लागता आलं,
आणि काठावर थांबलं, अर्धं आत, अर्धं बाहेर,
माझ्या नखाशी.

मी म्हटलं, पुन्हा.
"कितें पुन्हा? हिशेब बरोबर आहे."

मी आणखी एक वाटा घेतला.
तीन दिवस घरात बांगडेच. हुमण, तळलेले, परत हुमण.
बायको म्हणाली, तुमचं चाललंय काय?
काय सांगू? बोटं बघतो म्हणून?

चौथ्या दिवशी सगळं सांगितलं. मेज, नाणी, आग्नेल.
तिने ऐकता ऐकता एकाला सुंगटं मोजून दिली.
"म्हाका कितें मेळटलें?"
काही नाही. चहा.
"आनी हरल्यार?"
तोच चहा.

शनिवारी आली. पाटी दाराबाहेर, हातांना लिंबाचा वास.
आम्ही तिघे उठून उभे राहिलो,
आग्नेलसाठी कधी राहिलो नव्हतो.
सांतानने स्टूल पुसलं. ती बसली नाही.
सूर्यकांताने बोटं टेकवली,
पाहुणी म्हणून गोल जरा रुंद ठेवला.
तिने त्याच्या हाताकडे बघितलं.
"बारीक कर."

ओल्या फळीच्या सवयीचा फटका, आणि मेज कोरडं,
हे तिला सांगायचं आम्ही विसरलो.
नाणं दोघांमधून गेलं, सूर्यकांताच्या बोटांमधून गेलं,
मेजावरून गेलं, भिंतीला आपटून
फ्रीजरखाली गेलं, जिथे आमची आजवरची सगळी गेलीत.

तिघेही गुडघ्यांवर. केरसुणीचा मुडगा, मोबाइलची बॅटरी,
जळमटं, एक बूच, एक चार आणे.
वरून तिचा आवाज:
"गोल धरतात काय ना?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.
पंच कोणीच नव्हता.